डिशचा उपग्रह जागचा हलत नाही, मग शेताचा फोटो पाच दिवसांनीच का?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. परभणी जिल्ह्यातल्या पूर्णा तालुक्यात तुमची चार एकर सोयाबीन आहे आणि पीक-सल्ल्याच्या एका ॲपचे वर्षभराचे पैसे तुम्ही भरलेत. शेताचा फोटो पाच दिवसांनी बदलतो, पावसाळ्यात तर पंधरा-वीस दिवस जुनाच दिसत राहतो. उलट छपरावरची फ्री डिश कित्येक वर्षं एकाच दिशेला तोंड करून आहे आणि चोवीस तास चालते. म्हणजे वर उपग्रह कायम आहे, मग तो शेत कायम का बघत नाही? आणि एका वर्षी दुष्काळ तर दुसऱ्या वर्षी अतिवृष्टी सोसणाऱ्या मराठवाड्याच्या डोक्यावर एक उपग्रह कायमचा का उभा करत नाहीत?

आधी मनातली शंका काढून टाका. निव्वळ फोटो पाच दिवसांनी येतो एवढ्यावरून तुमची फसवणूक झाली असं म्हणता येणार नाही. तुमची डिश आणि तुमचं ॲप दोन वेगळ्या उपग्रहांवर चालतात, आणि ते दोन उपग्रह फार वेगळ्या उंचीवर आहेत. तुमच्या प्रश्नाचं मूळ मला असं दिसतं: जवळून बघणं आणि सतत बघणं, ही दोन्ही कामं एकाच उपग्रहाकडून का होत नाहीत? मी आधी बँकांच्या शाखांवर व्हीसॅट, म्हणजे उपग्रहामार्फत संपर्क जोडणाऱ्या छोट्या डिश, बसवायचो, आता बरीच वर्षं उपग्रहाच्या प्रतिमांवरून पिकांचे नकाशे करतो. दोन्ही कामांत हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उपग्रह वर टिकतो कसा, इथून सुरुवात करू, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. वर गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून तो पडत नाही, असं बहुतेकांना वाटतं. तसं नाही. शेतांचे फोटो काढणारे उपग्रह साधारण ७००-८०० किलोमीटरवर असतात आणि तिथेही पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या सुमारे ८० टक्के असते. उपग्रह सतत पडतच असतो. दौलताबादच्या किल्ल्यावरची मेंढा तोफ तुम्ही पाहिली असेल. समजा हवा मुळीच नाही, वाटेत डोंगर नाहीत, आणि त्या तोफेतून गोळा अगदी आडवा सुटला. पहिल्या सेकंदात तो सुमारे ४.९ मीटर खाली येईल, मग त्याचा आडवा वेग कितीही असो. आता पृथ्वी गोल आहे. ७.९ किलोमीटर आडवं गेलं की तिचा पृष्ठभागही सरळ रेषेपासून सुमारे ४.९ मीटर खाली वळलेला असतो. म्हणजे गोळ्याचा वेग सेकंदाला ७.९ किलोमीटर असेल, तर तो जेवढा पडतो तेवढीच जमीनही त्याच्याखालून खाली जाते. तो पडत राहतो, पण जमिनीला कधी लागत नाही, आणि फिरून दौलताबादला परत येतो. न्यूटनने तीनशेहून अधिक वर्षांपूर्वी अशाच तोफेची कल्पना केली होती, मी फक्त तोफ आपल्याकडे आणली.

यातून एक गोष्ट आपोआप निघते, आणि पुष्कळ लोक ती ऐकून चकित होतात: कक्षेत फिरत राहायला इंजिन चालू ठेवावं लागत नाही. रॉकेटचं काम उपग्रहाला हवेच्या वर नेणं आणि त्याला आडवा वेग देणं. उपग्रहावर थोडं इंधन असतं ते बारीकसारीक दुरुस्त्यांसाठी.

आता मुख्य मुद्दा. कक्षेची उंची माणसाने निवडायची, पण एकदा उंची ठरली की वेग आणि एका फेरीचा वेळ निसर्ग ठरवतो. त्यात घासाघीस चालत नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ४०० किलोमीटरच्या आसपास आहे, त्याची फेरी सुमारे ९२ मिनिटांची. युरोपचा सेंटिनेल-२ हा उपग्रह ७८६ किलोमीटरवर, फेरी १०० मिनिटांची. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवर, फेरी जवळजवळ १२ तासांची. तुमच्या डिशचा उपग्रह ३५,७८६ किलोमीटरवर, फेरी २३ तास ५६ मिनिटांची. आणि आपला चंद्र सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर, त्याला २७ दिवसांहून थोडं जास्त लागतं. चंद्रालाही तोच नियम, तो केप्लरने १६१९ मध्ये ग्रहांसाठी मांडला होता.

उंचीने वेळ एवढा का वाढतो, ते आकडे ठेवून बघा. अंतर नेहमी पृथ्वीच्या केंद्रापासून मोजायचं. सेंटिनेल-२ केंद्रापासून सुमारे ७,१५७ किलोमीटरवर, डिशचा उपग्रह ४२,१६४ किलोमीटरवर. म्हणजे वाट जवळजवळ सहापट लांब. शिवाय वर ओढ कमी, म्हणून वेगही कमी: खालचा सेकंदाला साधारण ७.५ किलोमीटर जातो, वरचा ३.०७. वाट लांबली आणि चालही मंदावली, म्हणून फेरीचा वेळ चौदापट होतो. वेग मुद्दाम कमी करून ७८६ किलोमीटरवरच एखाद्याला थांबवून धरायचं म्हटलं तर तो सरळ खाली येईल.

३५,७८६ हा आकडा कुठून आला, हे आता कळेल. पृथ्वीला ताऱ्यांच्या हिशेबाने स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला २३ तास ५६ मिनिटं लागतात. फेरीलाही नेमका तेवढाच वेळ लागेल अशी उंची ही एकच. तिथे विषुववृत्ताच्या बरोबर वर, पूर्वेकडे जाणारा उपग्रह सोडला की तो आणि आपण एकाच गतीने फिरतो. तो सेकंदाला तीन किलोमीटर पळतोय, पण आपल्याला जागचा हललेला दिसत नाही. भारताने ॲपल हा उपग्रह १९८१ मध्ये अशाच कक्षेत नेला होता. आज फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ पूर्व रेखांश ९३.५ अंशावर, विषुववृत्ताच्या वर आहे.

‘विषुववृत्ताच्या वर’ या शब्दांतच तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आहे. कोणतीही कक्षा पृथ्वीच्या केंद्राभोवतीच असते. परभणी सुमारे १९ अंश उत्तरेला आहे. परभणीच्या अक्षांशावरून पृथ्वीला समांतर गोल काढला तर त्याचं केंद्र पृथ्वीच्या केंद्रात येत नाही, ते वर उत्तरेकडे सरकतं. तिथे ओढणारं काहीच नाही, म्हणून तसं कुणी फिरू शकत नाही. १९ अंश उत्तरेवरून जाणाऱ्या प्रत्येक उपग्रहाला तेवढंच दक्षिणेलाही जावं लागतं. नाविक या आपल्या दिशादर्शन यंत्रणेचे काही उपग्रह फेरीला बरोबर एक दिवस घेतात, पण त्यांची कक्षा विषुववृत्ताशी २९ अंशांनी कललेली आहे. ते आपल्या आकाशात रोज उत्तर-दक्षिण झोका घेतात, उभे राहत नाहीत. मराठवाड्याच्या डोक्यावर उपग्रह टांगता येत नाही. यात पैशाचा किंवा इच्छेचा प्रश्नच नाही, ती जागाच निसर्गाने ठेवलेली नाही.

डिश बसवताना हे हाताला जाणवतं. उद्या गच्चीवर गेलात तर होकायंत्र घेऊन पाहा. पूर्णेहून जीसॅट-१५ उत्तरेपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने सुमारे १३८ अंशांवर येतो, म्हणजे ठळक आग्नेयेला, आणि क्षितिजापासून साधारण ६१ अंश वर. तुमच्या डिशचं तोंड तेवढं वर दिसणार नाही. घरगुती डिश ऑफसेट असते, एलएनबी, म्हणजे डिशसमोरचा सिग्नल पकडणारा डबा, मध्यावर नसून खालच्या अंगाला असतो, त्यामुळे डिश दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते. फिटर मागच्या पट्टीवर कोन लावतो, नट हलके ठेवतो, आणि मीटरवर क्वालिटीचा आकडा बघत डिश बोटभर बोटभर डावी-उजवीकडे सरकवतो. आकडा चढतो, शिखरावर जातो, उतरायला लागतो, मग तो अर्धा बोट मागे येतो. नट आवळताना डिश पुन्हा किंचित फिरते, म्हणून चांगला फिटर आवळतानाही मीटरवरची नजर काढत नाही. एकदा शिखर सापडलं की वर्षानुवर्षं बघावं लागत नाही. चंद्र-सूर्याच्या ओढीमुळे उपग्रह जागेवरून सरकायला बघतो, पण जमिनीवरचे नियंत्रक छोटे धक्के देऊन त्याला साधारण दशांश अंशाच्या चौकटीत ठेवतात. साठ सेंटिमीटरच्या डिशला तेवढी हालचाल कळतही नाही. मार्चमध्ये आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस ठराविक वेळी काही मिनिटं चित्र जातं, तेव्हा सूर्य बरोबर उपग्रहाच्या पाठीमागे आलेला असतो. त्या वेळी फिटरला बोलावू नका.

मग त्याच कायमच्या जागेवरून शेत का बघत नाहीत? बघतात, पण ढग आणि हवामान. इन्सॅट-३डीआर तिथूनच दर अर्ध्या तासाला चित्र घेतो. बातम्यांत दिसणारे ढगांचे फोटो अशाच उपग्रहांचे. त्याच्या दृश्य प्रकाशातल्या चित्राचा एक ठिपका जमिनीवर एक किलोमीटर बाय एक किलोमीटरचा असतो. म्हणजे जवळजवळ २४७ एकरांचा एकच ठिपका. त्यात तुमची चार एकर, शेजाऱ्याचा ऊस, ओढा, गावठाण, सगळं एकत्र कालवलेलं. कारण अंतर. ३५,७८६ ला ७८६ ने भागा, पंचेचाळीसपट येतं. सेंटिनेल-२ चा दहा मीटरचा कॅमेरा जसाच्या तसा वर नेला तर ठिपका साडेचारशे मीटरचा होईल. तिथून दहा मीटर दिसायला पंचेचाळीसपट मोठं भिंग लागेल. वादळाचा माग काढायला वरची जागा उत्तम आहे, सोयाबीनचं पान पिवळं पडलंय का हे बघायला ती कामाची नाही.

म्हणून शेतासाठी खाली यावं लागतं, आणि खाली आलं की थांबता येत नाही. सेंटिनेल-२ उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना जालना ते धाराशिव हे अंतर अर्ध्या मिनिटात ओलांडतो. तो १०० मिनिटांनी फेरी पुरी करून परत येतो तोवर पृथ्वी त्याच्याखाली २५ अंश पूर्वेला सरकलेली असते. म्हणजे आता परभणीवरून गेला, तर पुढच्या फेरीला तो आपल्या अक्षांशावर अरबस्तानच्या वाळवंटात असतो. त्याच्या कॅमेऱ्याचा पट्टा २९० किलोमीटर रुंद आहे. असे पट्टे शेजारी-शेजारी जोडत सगळी पृथ्वी भरायला त्याला १० दिवस आणि १४३ फेऱ्या लागतात. एकाच कक्षेत समोरासमोर दोन उपग्रह ठेवलेत, म्हणून तुमच्या शेतावर पाच दिवसांनी पाळी येते. तुमच्या ॲपचे पाच दिवस बहुतेक हेच आहेत.

या कक्षेची एक गोष्ट मला आजही फार सुंदर वाटते. तुमच्या फोटोंवरची वेळ बघा, ती नेहमी सकाळी अकराच्या आसपासची असेल. जानेवारीतही आणि सप्टेंबरातही. हे आपोआप होत नाही. एरवी कक्षेचं तोंड अवकाशात एकाच बाजूला स्थिर राहतं आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळे काही महिन्यांत उपग्रह सकाळऐवजी दुपारी, मग संध्याकाळी येऊ लागला असता. पण पृथ्वी नीट गोल नाही, विषुववृत्ताशी ती फुगलेली आहे. तिची त्रिज्या ध्रुवांपेक्षा तिथे सुमारे २१ किलोमीटर जास्त आहे. त्या फुगवट्याची ओढ कललेल्या कक्षेला हळूहळू वळवत राहते. कक्षा ९८.६ अंशांनी कलती ठेवली, तर ७८६ किलोमीटरवर हे वळण दिवसाला जवळपास एक अंश होतं, वर्षाला बरोबर ३६०. म्हणजे कक्षा सूर्याबरोबर फिरते, इंधन न जाळता. पृथ्वीचा बेढबपणा असा कामाला लावलाय. आमच्या कामात याचं मोल मोठं आहे. सूर्याचा कोन दरवेळी वेगळा असता, तर सावल्या आणि उजेड बदलले म्हणून हिरवेपणा बदलल्यासारखा दिसला असता. ठरलेल्या वेळी येणाऱ्या उपग्रहामुळे जुलैचा आणि ऑगस्टचा फोटो शेजारी ठेवून पीक खरंच खालावलं का हे म्हणता येतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पहिलं, ॲप कोणता उपग्रह वापरतं. मी सेंटिनेल-२ धरून बोलतोय कारण त्याच्या प्रतिमा फुकट मिळतात आणि बहुतेक ॲप तिथूनच सुरू होतात. अमेरिकेचा लॅंडसॅट असेल तर एकेका उपग्रहाची पाळी १६ दिवसांची आणि ठिपका ३० मीटरचा. आपल्या रिसोर्ससॅट-२ वर वेगवेगळे कॅमेरे आहेत. त्यातला रुंद पट्ट्याचा कॅमेरा पाच दिवसांनी येतो पण ठिपका मोठा, आणि बारीक बघणाऱ्या कॅमेऱ्याचा पट्टा अरुंद. रोजचा फोटो देणाऱ्या खाजगी कंपन्या आहेत, त्यांनी शेकड्यात छोटे उपग्रह सोडलेत. जवळून आणि वरचेवर बघायचं तर उपग्रहांची संख्या वाढवणं हाच मार्ग. मात्र त्या प्रतिमांना पैसे पडतात.

दुसरं, शेत कुठे आहे. शेजारचे दोन पट्टे काठावर थोडे एकमेकांवर येतात. त्या पट्टीत तुमचं शेत पडलं तर पाच दिवसांच्या आत दुसरा फोटो मिळतो. एकाच तालुक्यात एका गावाला जास्त फोटो आणि दुसऱ्याला कमी, असं होऊ शकतं.

तिसरं, शेत केवढं आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर आणि सेंटिनेलचा एक ठिपका १०० चौरस मीटर. एका गुंठ्याला एक ठिपका धरा. चार एकरांना साधारण १६० ठिपके मिळतात, ते पुरेसे आहेत. पण बांधावरच्या ठिपक्यात अर्धं शेजाऱ्याचं पीक असतं, म्हणून ते मी हिशेबातून काढतो. दहा-बारा गुंठ्यांचा लांबट तुकडा असेल तर काठ वगळून हातात फारसं राहत नाही, तिथे ॲपच्या रंगावर भिस्त ठेवू नका.

आणि चौथं, सगळ्यात मोठं, ढग. कक्षा आपलं काम चोख करते, उपग्रह ठरल्या दिवशी येतो, पण त्याचा कॅमेरा ढगाच्या पार बघू शकत नाही. जून ते सप्टेंबर चोवीसेक पाळ्या होतात. त्यातल्या किती स्वच्छ निघतील ते त्या वर्षीच्या पावसावर आहे. दुष्काळी वर्षात फोटो भरपूर आणि चांगल्या पावसात कमी, ही आपल्या भागाची अडचणच आहे. ढगाइतकीच त्याची सावली त्रास देते. ढग पांढरा दिसतो म्हणून ओळखू येतो, सावली मात्र पिकावर काळपट डाग पाडते आणि कच्चं ॲप तो डाग ‘पीक ताणात आहे’ म्हणून लाल रंगवतं. लाल डाग दिसला तर आधी मूळ रंगीत फोटो उघडा आणि जवळपास ढग आहे का बघा. सावली ढगापासून वायव्य-पश्चिमेला पडलेली असते, कारण त्या वेळी सूर्य आग्नेय-पूर्वेला असतो. भर पावसाळ्यात सूर्य जवळजवळ पूर्वेला असल्याने ती थेट पश्चिमेकडे दिसेल.

पावसाळ्याला पर्याय रडारचा. सेंटिनेल-१ स्वतः रेडिओ लहर सोडतो आणि परत आलेली मोजतो, त्याला ढगही आडवे येत नाहीत आणि रात्रही. इस्रो आणि नासाचा निसार हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. तो ७४७ किलोमीटरवरून दर १२ दिवसांनी त्याच जागी येतो. रडारला हिरवा रंग कळत नाही. त्याला पिकाची उंची-दाटी, जमिनीतला ओलावा, साचलेलं पाणी कळतं. पीक पाण्याखाली गेलं होतं का, हे बघायला ते चांगलं. पान पिवळं पडलंय का, हे त्याला विचारू नका.

तर एवढं केलंत की चित्र स्पष्ट होईल. ॲपवाल्यांना लेखी विचारा: प्रतिमा कोणत्या उपग्रहाची, ढगाळ दिवशी तुम्ही जुनी प्रतिमा दाखवता की मधली अंदाजाने भरता, आणि पावसाळ्यात रडार वापरता का. ‘रोजचं निरीक्षण’ असं सांगून जुनाच फोटो नव्या तारखेने दाखवत असतील, तर मात्र तुमची तक्रार रास्त आहे. ताडून बघायला कोपर्निकस ब्राउझर हे संकेतस्थळ उघडा, तिथे तुमच्या गावावरची सेंटिनेल-२ ची प्रत्येक पाळी तारखेसकट फुकट दिसते. पाच-पाच दिवसांच्या तारखा वहीत लिहून ठेवा, त्या दिवशी सकाळी अकराला आभाळ कसं होतं तेही लिहा. नुकसान झालं तर उपग्रहाच्या पाळीची वाट न बघता मोबाइलवर जागा आणि तारीख येईल असे फोटो त्याच दिवशी काढा. ॲपमधल्या शेवटच्या दोन प्रतिमांच्या तारखा आणि ठिपक्याचा आकार इथे कळवलात, तर उपग्रह कोणता ते मी सांगतो.